टोन्ड दुधाचं देणं

दुधाच्या पिशवीवर काय छापलंय ते वाचणारी माणसं फार थोडी. तारीख बघतात, किंमत बघतात, फार तर टोन्ड की फुल क्रीम एवढं बघतात आणि कात्री लावतात. तरीही गेल्या काही वर्षांत काही पिशव्यांवर एक छोटं चिन्ह आलंय, ते तुमच्या नजरेला कधीतरी पडलं असेल. इंग्रजी एफ अक्षर आणि त्याला लागून अधिकची खूण. अर्थ असा की या दुधात 'अ' आणि 'ड' ही जीवनसत्त्वं वरून घातलेली आहेत. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली हे चिन्ह आणलं, २०१८ साली पक्के नियम केले. लिटरमागे 'अ' किती, 'ड' किती, सगळं ठरवून दिलं. पण दुधात ते घालायचं की नाही हे मात्र दूध विकणाऱ्यांच्या मर्जीवर ठेवलं. घालायचं असेल तर घाला, घातलंत तर चिन्ह छापा, नाही घातलंत तरी चालेल.

माझं म्हणणं असं आहे की निदान टोन्ड आणि डबल टोन्ड दुधाच्या बाबतीत ही मर्जी ठेवायला नको होती. त्या दुधातून आपण जे काढून घेतलंय ते परत करणं हे देणं आहे, दानधर्म नव्हे. आणि आता ते नीट परत करण्याचं शास्त्रही हाताशी आहे. मी स्वतः शास्त्राची शिक्षिका नव्हे. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे सुरुवात इतिहासापासूनच करते.

टोन्ड दूध ही मुंबईने देशाला दिलेली गोष्ट आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. दारा खुरोडी नावाचे पारशी गृहस्थ मुंबईचे दूध आयुक्त होते. गोरेगावची आरे वसाहत उभी राहिली त्यामागचं हे मोठं नाव. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन घराघरात पोचले, खुरोडी मात्र विस्मरणात गेले. असो. तर या खुरोडींच्या काळात, १९४६ च्या सुमारास, मुंबईत टोन्ड दूध सुरू झालं. कल्पना साधी होती. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी घालायची आणि स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणायचा. प्रथिनं आणि बाकीचे घन पदार्थ भुकटीतून भरून निघतात, म्हणून हे पाणी घातलेलं दूध नव्हे. गणित मांडून बघा, एका लिटरचं सव्वादोन लिटरहून थोडं जास्त दूध होतं. दुधाची टंचाई असलेल्या शहरात ही युक्ती सोन्यासारखी होती. गिरणगावातल्या चाळींत मुलांच्या पोटात दूध गेलं ते स्वस्त झालं म्हणून गेलं. खुरोडींना नावं ठेवायचा माझा मुळीच हेतू नाही.

पण जीवनसत्त्वांचं गणितही त्याच पाटीवर मांडायला हवं. 'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही चार जीवनसत्त्वं तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. दुधात ती असतात ती लोण्याच्या अंशात. १९१३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला मॅकॉलम आणि मार्गारिट डेव्हिस यांनी उंदरांवर प्रयोग केले. डुकराच्या चरबीवर ठेवलेले उंदीर वाढेनात आणि लोण्यातला किंवा अंड्याच्या बलकातला अंश दिला की वाढू लागत. 'अ' जीवनसत्त्वाचा शोध लागला तो असा, लोण्यातून. म्हणजे सात टक्क्यांचे तीन टक्के केले की पेल्यामागे या जीवनसत्त्वांचे निम्म्याहून कमी उरले. डबल टोन्डमध्ये स्निग्धांश दीड टक्का, तिथे उरला पाचवा हिस्सा. पेला तेवढाच, पांढरेपणा तेवढाच, नावही दूधच.

आता हे दूध पितं कोण? आमच्या वाशीत पहाटे स्टेशनजवळच्या टपऱ्यांपुढे क्रेट उतरतात तेव्हा जरा उभं राहून बघा. एक गिऱ्हाईक आहे ते पैशासाठी टोन्ड घेणारं. तुर्भ्याकडून कामाला येणाऱ्या बायका, रिक्षावाले, बांधकामावरचे मजूर, सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त पिशवी उचलतात. दुसरं गिऱ्हाईक आम्ही. आमच्या इमारतीतल्या साठी-सत्तरीच्या मंडळींना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल दाखवून डबल टोन्डवर आणलंय. एकाला परवडत नाही, दुसऱ्याला झेपत नाही, पण लोण्यातलं जीवनसत्त्व दोघांच्याही घरातून गेलं. फरक एवढाच की आम्ही वाशीच्या प्रयोगशाळेत रक्त तपासून घेतो आणि 'ड' कमी निघालं की औषध आणतो. त्या बायकांची मुलं काही तपासून घेत नाहीत.

मुलांचं नेमकं काय चाललंय, याचे आकडे आहेत. २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची मोठी पाहणी झाली आणि तिच्यात रक्ताचे नमुने तपासले गेले. एक ते चार वर्षांच्या मुलांत १८ टक्क्यांना 'अ' कमी होतं, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांत २२ टक्क्यांना. 'ड' ची कमतरता लहानग्यांत १४ टक्के, पाच ते नऊमध्ये १८ टक्के आणि पुढे किशोरवयात २४ टक्के. वय वाढतं तशी 'ड' ची कमतरता वाढते. चाळीस मुलांच्या वर्गाचा हिशेब करा, दहावीच्या वर्गात नऊ-दहा मुलं. वर्गात मागच्या बाकावर पाय दुखतात म्हणून बसून राहणारी मुलं मी बघितली आहेत आणि त्यांना 'आळशी' म्हणून मोकळं होणारे शिक्षकही. प्रत्येकाचं कारण 'ड' च होतं असं नाही, पण तपासलं कुणाचंच नव्हतं.

इथे कोणीतरी म्हणणार की आपल्याकडे ऊन काय कमी आहे? ऊन फुकट आहे हे खरंच. पण कातडीत 'ड' तयार करणारे किरण ऊन डोक्यावर असताना मिळतात. माझ्या वाचनात एक सोपी खूण आली होती: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. नेरुळच्या तलावाभोवती पहाटे सहाला फेऱ्या मारणाऱ्यांची सावली केवढी लांब पडते ते बघा. व्यायाम होतो, गप्पा होतात, 'ड' होत नाही. आणि सावली आखूड असते त्या वेळेला मुलं शाळेत असतात, बाया दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात आणि आम्ही म्हातारे पंख्याखाली.

तेव्हा दुधात परत घालणं हा उपाय सुचणं स्वाभाविक. अमेरिकेत दुधात 'ड' घालणं १९३० च्या दशकात सुरू झालं. आपल्याकडे तर गंमत अशी की स्वातंत्र्यानंतर लवकरच, १९५३ पासून, वनस्पती तुपात 'अ' जीवनसत्त्व घालणं सक्तीचं झालं. ज्या डालड्याला आम्ही आयुष्यभर नाकं मुरडली त्यात ते सरकारी सक्तीने होतं, आणि गरिबांच्या दुधात नव्हतं! दिल्लीच्या मदर डेअरीने १९८० च्या दशकात टोन्ड दुधात 'अ' घालायला सुरुवात केली. पण वनस्पती तूप हे मुळात तेलच. त्यात तेलात विरघळणारी वस्तू घालणं सोपं. साय काढलेलं दूध म्हणजे बहुतांशी पाणी. त्यात तेलाचा थेंब टाकला तर तो वर तरंगतो. एका पिशवीत जास्त, दुसरीत काहीच नाही, असं व्हायचं. शिवाय 'अ' जीवनसत्त्व उजेडाने खराब होतं आणि आपल्या पिशव्या तर दुकानात दिव्याखाली पडलेल्या असतात. पाण्याला न मानणारं हे औषध पाण्यात घेऊन जाणारं वाहन हवं. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग तो आहे.

आमच्या लहानपणी वाहन वगैरे काही नव्हतं. मुशीच्या यकृताचं तेल चमच्याने तोंडात. दुसऱ्या महायुद्धात परदेशी कॉड माशाचं तेल यायचं थांबलं, तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचं तेल काढायला सुरुवात झाली आणि पुढे कितीतरी वर्षं ते घराघरात होतं. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना वर्णन नको आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना वर्णन करून उपयोग नाही. नंतर तेच तेल सोनेरी, मऊ मण्यांसारख्या कॅप्सूलमध्ये आलं. आमच्या पिढीला वाटलं, वा, काय सोय झाली! तो मणी जिलेटिनचा. जिलेटिन म्हणजे प्रथिन. तेलाला प्रथिनाच्या डबीत बंद करण्याची कल्पना तिथूनच ओळखीची.

मग ही डबी लहान करत नेली. त्यातला एक टप्पा मला फार आवडतो, कारण तो शाळेच्या कचेरीतून जातो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी कार्बन न लावता नक्कल उठणारा कागद केला. कागदाच्या मागच्या बाजूला शाई द्रव रूपात, डोळ्यांना न दिसणाऱ्या डब्यांत भरलेली. पेनाचा दाब पडला की डब्या फुटायच्या आणि खालच्या कागदावर अक्षर उठायचं. त्या डब्यांची भिंत होती जिलेटिन आणि डिंकाची. डिंक म्हणजे आपल्या बाभळीच्या आफ्रिकेतल्या भावंडाचा. विशिष्ट आंबटपणाला ही दोन द्रव्यं एकमेकांना चिकटतात आणि तेलाच्या थेंबाभोवती कवच धरतात. पावतीपुस्तकातली ही युक्ती अन्नात आणि औषधातही आली. दुसरी पद्धत आणखी सोपी आहे. प्रथिनाच्या पाण्यात जीवनसत्त्वाचं तेल घुसळून अगदी बारीक थेंब करायचे आणि तो फवारा गरम हवेत सोडायचा. पाणी उडून जातं आणि खाली कोरडी भुकटी पडते. तिच्या प्रत्येक कणात प्रथिनाच्या जाळीत तेलाचे थेंब अडकलेले. दुधाची भुकटी करतात तीही अशीच फवारून.

हे काही सातासमुद्रापलीकडचं गूढ शास्त्र नव्हे. खाडी ओलांडली की माटुंग्याला आपली यूडीसीटी आहे. १९३३ साली स्थापन झालेली आणि २००८ पासून स्वतंत्र विद्यापीठ म्हणून, इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने ओळखली जाणारी. रघुनाथ माशेलकर तिथलेच विद्यार्थी. तिथल्या अन्नतंत्रज्ञान विभागात प्रा. रेखा सिंघल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००५-०६ च्या सुमारास वेलची आणि काळी मिरी यांचे तेलकट अर्क डिंकात आणि बदललेल्या स्टार्चमध्ये फवारून बंद केले, टिकतात किती ते मोजलं. तिथे कवच प्रथिनाचं नव्हतं आणि आतला मालही जीवनसत्त्व नव्हता. पण हुन्नर तोच. मिरीचा वास डब्यात टिकवता येतो तर 'अ' जीवनसत्त्व का नाही?

आणि आता खरी गंमत. ज्या दुधात आपल्याला हे घालायचंय त्या दुधात निसर्गाने आधीच डब्या करून ठेवल्या आहेत. दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असतं. केसीनचे रेणू एकेकटे फिरत नाहीत, हजारोंनी एकत्र येऊन त्यांचे गोळे बनतात. गोळ्याचा व्यास सरासरी १५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पाचशे गोळे ओळीने उभे राहतील. या गोळ्यांत कॅल्शियम फॉस्फेट धरून ठेवलेलं असतं. नाहीतर दुधातलं एवढं कॅल्शियम पाण्यात राहिलंच नसतं, खडूच्या भुकटीसारखं तळाला बसलं असतं. वासराला हाडं करायला लागणारा माल द्रव रूपात पोचवण्यासाठीच हे गोळे आहेत. दूध पांढरं दिसतं त्यातही त्यांचा वाटा आहे. आणि केसीनच्या रेणूला पाण्याशी न पटणारे भाग बरेच असतात. तेलकट रेणू तिथे जाऊन चिकटतात.

इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्नियन संस्थेत योआव लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली नेमकं हेच केलं. केसीन सुटं केलं, त्यात 'ड' जीवनसत्त्व मिसळलं आणि कॅल्शियम, फॉस्फेट घालून गोळे पुन्हा जुळवले. जीवनसत्त्व गोळ्यांत शिरलं आणि अतिनील किरणांपासून त्याचा काही प्रमाणात बचावही झाला. पुढे २०१२ साली त्यांनी माणसांवर प्रयोग प्रसिद्ध केला. ८७ स्वयंसेवक, एक टक्का स्निग्धांशाचं दूध, एकाच वेळी ५०,००० आययू इतका मोठा डोस. केसीनच्या गोळ्यांतलं 'ड' रक्तात नेहमीच्या रासायनिक पायसकारक घातलेल्या औषधाइतकं तरी उतरलंच. 'इतकं तरी' हे शब्द लक्षात ठेवा. दुप्पट नाही, दहापट नाही. म्हणजे कारखान्यातून आणलेल्या पायसकारकाचं काम दुधातलं प्रथिन करू शकतं. चमत्कार म्हणून याकडे बघण्याचं कारण नाही, पण घरातल्या माणसाने काम केलं तर बाहेरचा गडी कशाला लावायचा?

आपल्याकडे गुवाहाटीच्या आयआयटीत २००८ साली हळदीतल्या कुर्क्युमिनवर असाच अभ्यास झाला. कुर्क्युमिनही पाण्यात विरघळत नाही आणि तेही केसीनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतं. लगेच "बघा, आजीच्या हळददुधात नॅनोतंत्रज्ञान होतं" असं फोनवर फिरवू नका. आजीला खोकला ठाऊक होता, केसीन नव्हे.

आता घरगुती हिशेब. आपल्याकडे दूध तापवतात, साय धरतात, ती विरजतात, लोणी काढतात, तूप कढवतात. फार चांगली पद्धत. पण वरून घातलेलं जीवनसत्त्व नुसतं स्निग्धांशात गेलेलं असेल, तर ते सायीबरोबर निघणार आणि शेवटी तुपाच्या बरणीत जाणार. मुलाच्या पेल्यात काय उरलं? प्रथिनाला धरून असेल तर त्यातलं बरंचसं पेल्यात राहावं, असं मला आपलं वाटतं. आणि दही लावलं, चक्का बांधला, तर केसीन चक्क्यात राहतं, निवळीत नाही. तेव्हा श्रीखंडवाल्यांची चिंता नको.

एवढं सगळं असताना हे तंत्र आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचलं? दुधाच्या पिशवीतून नव्हे, औषधाच्या दुकानातून. 'ड' जीवनसत्त्वाच्या ६०,००० आययूच्या इवल्याशा बाटल्या येतात, त्यांवर 'नॅनो' असं ठसठशीत छापलेलं. आम्हाला नॅनो म्हटलं की टाटांची गाडी आठवते. ती निदान सामान्य माणसासाठी होती. या बाटल्या तशा नाहीत. त्यांचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. ज्याचं 'ड' खरोखरच तळाला गेलंय, ज्याच्या आतड्यांना तेल पचत नाही, त्याला डॉक्टर देतील ते घ्यावंच. पण पेलाभर दूध आणि जेवण पचवणाऱ्या माणसाला साधं पाकीटही पुरतं. डॉक्टर ते दुधाबरोबर घ्यायला सांगतात ते काही उगीच नव्हे.

या मोठ्या डोसांचा एक धोका इथेच सांगते. पाण्यातली जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे जातात, तेलातली मात्र साठून राहतात. आमच्या ओळखीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी आठवड्याला एक घ्यायचं पाकीट रोज एक घेतलं, कारण लिहून देणाऱ्याचं अक्षर कुणाला लागलं नाही आणि विचारायला कुणी गेलं नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, मग भ्रम. घरचे म्हणत, वय झालं. पंधरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. एका पाकिटात किती असतं त्याचा अंदाज यावा म्हणून सांगते. २०१८ च्या नियमांप्रमाणे एका लिटर दुधात 'ड' ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० आययू. एक पाकीट म्हणजे २०० ते ३०० लिटर दूध! दुधातून कोणाला 'ड' चा अतिरेक होईल अशी भीती घालणाऱ्यांनी हा भागाकार करून बघावा.

याच भागाकाराची दुसरी बाजूही मान्य करते. २०० मिलिलिटरच्या पेल्यातून जेमतेम ४० ते ६० आययू मिळणार, आणि प्रौढाला दिवसाची गरज ६०० धरतात. म्हणजे दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. चहापुरतं दूध घेणाऱ्याला तेवढंही नाही. ज्याचं 'ड' खूप कमी झालंय तो केवळ दुधाने बरा होणार नाही. ऊन हवं, अंडी-मासे चालत असतील तर ते हवेत, पालेभाजी तेलाच्या फोडणीची हवी. पण ही सगळी यादी ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी मी लिहीतच नाहीये. जो दिवसाकाठी मुलासाठी अर्ध्या लिटरची पिशवी घेतो त्याच्या पिशवीतून आपण काय काढलं आणि परत काय घातलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरं मागणं डबीबद्दल आहे. आत काय आहे ते सांगता, तसं डबी कशाची आहे तेही सांगा. कोरड्या भुकटीतल्या 'अ' आणि 'ड' च्या कणांसाठी गेली कित्येक दशकं जिलेटिन वापरलं जातंय आणि जिलेटिन येतं जनावरांच्या कातड्या-हाडांपासून. 'ड-३' सुद्धा बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. वाशीत आमच्या आसपास जैन आणि वैष्णव गुजराती शेजारी पुष्कळ. माझ्या एका शेजारणीने पाकीट हातात घेऊन मला सरळ विचारलं, "बाई, हे आम्हाला चालेल का?" कॅप्सूलच्या पट्टीवर निदान सॉफ्ट जिलेटिन असं बारीक अक्षरांत असतं. भुकटीच्या पाकिटावर मी भिंगातून शोधलं, कण कशाचे ते कुठे नव्हतं. औषधवाल्या मुलालाही माहीत नव्हतं. शेवटी तिने ते घेतलंच नाही. दुधाच्या नियमात मात्र 'ड' वनस्पतिजन्य स्रोताचंच हवं, अशी अट घातली आहे. ती चांगली आहे, पण ती आतल्या मालाबद्दल आहे, डबीबद्दल नव्हे. उलट बाजूही आहे. केसीनची डबी शाकाहाऱ्याला चालेल, पण ज्या मुलाला दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी आहे त्याच्या गोळीत किंवा बिस्किटात ती गेली तर? सोयाची डबी असेल तर सोया न चालणाऱ्याचं काय? एका ओळीचं काम आहे. आणि ती ओळ मराठीतही असावी, कारण हे दूध महाराष्ट्रात विकलं जातं.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने, जो विज्ञान शिकवत असे, यावर मला चांगलंच पेचात धरलं. तो म्हणाला, "बाई, एवढा खटाटोप दुधात कशाला? तेलात घाला की. तेलात ही जीवनसत्त्वं आपसूक विरघळतात, डबी नको, गोळे नको, फवारा नको. आणि दूध न घेणाऱ्या घरातही तेल असतं." खरं आहे. २०१८ च्या नियमांत खाद्यतेलासाठीही 'अ' आणि 'ड' चं प्रमाण दिलेलं आहे. पण तेल कढईत तापतं, पुन्हा पुन्हा तापतं, आणि 'अ' ला ते सोसत नाही. शिवाय दोन वर्षांच्या पोराच्या पोटात तेल किती जाणार? तरी त्याचा मुद्दा पूर्ण खोडता आला असं मी म्हणणार नाही. सुट्या तेलाचं काय, घाण्याच्या तेलाचं काय, हा विषय मोठा आहे, त्यावर पुढच्या वेळी सविस्तर लिहीन. तबेल्यातून बरणीत येणाऱ्या सुट्या दुधाचं काय, हेही त्याने विचारलं. त्या दुधाला मी या हिशेबात धरलेलं नाही. त्यातलं लोणी कोणी काढलेलं नसेल तर कोणी काही देणंही लागत नाही, आणि काढलं असेल तर त्यासाठी वेगळा कायदा आहे.